तो ठोका मशीनचा नव्हता

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही चारचौघांत विचाराल तर नाहीच म्हणेन. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. बेळगावात, गेल्या श्रावणात, भर दुपारी.

मी एमआरआय सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. संकेश्वरकडचा भावकू तपासणीला आला होता, सोबत थोरली बहीण अक्काताई. त्याच्या लिव्हरमध्ये गाठ होती. अर्धं लिव्हर कापावं लागणार होतं. उरलेलं अर्धं धड असेल तरच ऑपरेशन, नाहीतर माणूस हातचा गेला.

भावकूच्या कमरेला करदोटा होता, त्यात पितळी ताईत. मशीनमध्ये धातू चालत नाही. अशा वेळी आम्ही गाठ सोडून करदोटा घरच्यांच्या हातात देतो. तोडत नाही.

करदोटा तोडतात तो मेलेल्या माणसाचा.

पण गाठ सुटेना, आणि भावकू मुलखाचा तापट.

"आण ती कात्री!"

"तोडू नगंस रं," अक्काताई कळवळल्या. "शामू गेल्यापास्नं बांधलाय त्यो."

"मी काय मेलोय व्हय?"

कचकन तोडला त्यानं.

शामू म्हणजे धाकटा भाऊ. उसाच्या ट्रॅक्टरवरून पडला, पोट फुटून गेला, असं अक्काताईंनी मला सांगितलं.

तपासणी सुरू झाली. हे मशीन ठोके देतंच. ठक ठक ठक... मला ते झोपेतही पाठ आहेत.

शिरेतून औषध सोडलं. धड लिव्हर ते ओढून घेतं आणि पडद्यावर उजळतं. भावकूचं उरणारं अर्धं हळूहळू उजळू लागलं.

"चांगलं दिसतंय," मी म्हणाले. काचेशी उभ्या अक्काताईंनी हात जोडले.

मग...

धप्प.

हा ठोका मशीनचा नव्हता. ओल्या पोत्यावर लाथ बसावी तसा आवाज.

उजळलेल्या भागात एक काळा डाग उठला.

धप्प. आणखी एक.

भावकूचं अंग टेबलावरून उडालं आणि आपटलं. मी मशीन बंद केलं. ठक ठक थांबलं...

धप्प चालूच.

मी मशीनच्या खोलीच्या दाराकडे धावले. दार हलेना. स्पीकरवर भावकू गुरासारखा ओरडत होता.

"शामू! लाथ नको रं! बरगडी मोडली..."

त्याच्या तोंडातून रक्त आलं. अक्काताईंनी माझ्या टेबलावरचा, आत बोलायचा माइक ओढला.

"शामू! आरं, अण्णा हाय तुजा! पुरं कर!"

आणि... थांबलं.

नुसता भावकूचा श्वास ऐकू येत होता. मग तो रडत बोलला.

"ट्रॅक्टर न्हवता गं आक्का... लाथा मीच घातलत्या. त्यो पाया पडलता. मी न्हाय थांबलतो."

अक्काताईंनी माइक उपडा ठेवला.

धप्प.

"सांगा ना त्याला!" मी किंचाळले. "तुमचं ऐकतोय तो!"

पदर तोंडात कोंबून त्या रडत होत्या. पण माइकला पुन्हा हात लावला नाही.

दार उघडलं तेव्हा भावकू संपला होता. डॉक्टर म्हणाले, गाठ फुटून आत रक्तस्राव झाला. असेलही. पण त्याच्या पोटावर अनवाणी टाचांचे वळ होते.

निघताना मी अक्काताईंना विचारलं, "परत का नाही बोललात?"

"दोगं बी माजंच भाऊ, पोरी. पर शामू मार खाताना त्याला सोडवाय कोण हुतं?"

त्या दिवसापासून दुपारची पाळी मी बदलून घेतलीय.