लेकीच्या उंचीचा दोरा

वडवणीकडून आलेली एसटी फाट्यावर थांबली, तेव्हा ऊन कलू लागलं होतं. माउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, जत्रेची माणसं गावातल्या दोन चर्चांमधल्या रस्त्यावर मावत नव्हती. उज्ज्वला नवऱ्याला, अभिमन्यूला, पुढं घालून चालत होती. तिच्या मुठीत पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी होती.

नवस साधा होता. आजारी लेकराच्या उंचीएवढी मेणबत्ती जुन्या दगडी चर्चात लावायची. लेक सायली तापानं फणफणली, तेव्हा अभिमन्यूनं तिला भिंतीशी उभं करून दोरा मापला होता. जत्रेची वाट पाहायला ताप थोडाच थांबतो? पोर गेली, नवस राहिला. न फेडलेल्या नवसात लेकरू अडकून पडतं म्हणतात. उज्ज्वलेला तोच घोर होता. अभिमन्यू मात्र दर जत्रेला काहीतरी निमित्त काढायचा. यंदा तिनं त्याला ओढूनच आणलं होतं.

चर्चच्या दारात मेणबत्त्या विकणाऱ्या साखराबाईनं दोरा घेऊन उलगडला.

"केवढं हाय लेकरू?"

"चार वर्सांची." 'होती' म्हणायला उज्ज्वलेची जीभ अजून वळत नव्हती.

"चार? बाई, ह्यो तर सहा-सात वर्सांच्या पोरीचा दोरा हाय."

उज्ज्वलेनं दोरा स्वतःच्या अंगाला लावला. सायली तिच्या कमरेला लागायची. दोरा छातीपर्यंत आला.

"अवं... दोरा वाढतो का कुटं?"

अभिमन्यूनं दोरा तिच्या हातातून काढून घेतला. आत माळेची प्रार्थना चालली होती, वितळत्या मेणाचा वास दाटला होता. लेकीला मूठमाती देतानाही हा गडी रडला नव्हता. आता त्याची हनुवटी थरथरत होती.

"ह्यो त्यो दोरा न्हाई. त्यो आखूड पडाया लागला. म्या परवा नवा मापला."

"कुणाला लावून?"

"तिलाच. तू पाण्याला गेलीस की येती. भिंतीपाशी उभी राहती..." त्यानं दोरा बोटाला गुंडाळला. "ही मेणबत्ती पेटली की जाईल गं ती."

उज्ज्वलेला भीती वाटली नाही, हेवा वाटला.

"मला कावून दिसत न्हाई?"

"तू रडतीस. मग ती घाबरती."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"ताप... उतरला का तिचा?"

अभिमन्यूनं मान खाली घातली. "न्हाई. हात लावला तर चटका बसतो."

उज्ज्वलेनं दोऱ्याएवढी मेणबत्ती उचलली आणि आत नेऊन माउलीपुढं धरली. दुसऱ्या हातानं तिनं काडीपेटी अभिमन्यूपुढं केली. तो काडी ओढेना. वात अजून कोरीच होती, पण मेणबत्ती तिच्या हातात गरम होत होती, आणि हळूहळू तिच्या खांद्यावर कलत होती.