मागच्या सीटचा डावा पट्टा

सांगते, पण मध्ये थांबवू नका. थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

विमा कंपनीने ‘टोटल लॉस’चा कागद केला की गाडी आमच्या आवारात येते. काहींचे सुटे भाग होतात, काही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्याला लागतात. आतून साफ करायचं काम माझं. सीटखाली सापडेल ती वस्तू यादीत लिहायची, मालकाकडे पाठवायची. सीटबेल्टचे अडकलेले पट्टे कापायचे. जोराची धडक बसली की माणसाला धरलेला पट्टा तेवढाच बाहेर राहतो, मागे जात नाही. त्याच्या लांबीवरून मला कळतं, कुठे कोण बसलं होतं, केवढं होतं.

त्या पांढऱ्या गाडीच्या कागदावर चालक एकटाच होता. पण मागचा डावा पट्टाही अडकलेला. आखूड... लहान मुलाच्या मापाचा. सीटखाली एक निळी चप्पल, माझ्या तळहाताएवढी.

मुकादमाला पट्टा दाखवला. तो हसला. “मावशी, तुम्ही गाड्या साफ करता की पंचनामे? कापा आणि नवा बसवा.”

चप्पल मी दाखवलीच नाही. यादीत लिहिली असती तर चौकशी लागली असती, गाडी अडकली असती. आणि ती गाडी माझ्या जावयाने घ्यायचं ठरवलं होतं. चप्पल मी पदराखाली लपवून घरी आणली, पत्र्याच्या डब्यात ठेवली.

लेकीने विचारलं, “आई, कशातली गं गाडी?”

“पाण्यात बुडालेली,” मी म्हणाले. डोळे वर न करता.

परवा भर दुपारी लेक त्याच गाडीतून मला आणि नातीला घेऊन बाजारात निघाली. नात मागे उजवीकडे बसली होती. मी डावीकडे बसायला गेले.

“आजी, तिथे नको. मध्ये बस.”

मुलांचं काहीतरी असतं, म्हणून मध्ये बसले. गाडीत धुतलेल्या कापडाचा वास होता. मीच धुतलं होतं ते, तीन वेळा. वळणावर लेकीने करकचून ब्रेक दाबला. सगळे पुढे झुकलो, मागे आलो. आणि मला दिसलं, डावीकडचा नवा पट्टा बाहेर ओढलेला होता. खटक्यात अडकलेला. आखूड. त्या रिकाम्या सीटपासून वीतभर उचललेला...

नात माझ्या कानाशी आली. “आजी, तिची दुसरी चप्पल तू कुठे ठेवलीस?”

त्या डब्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आरशात लेकीचे डोळे दिसले. “कुणाची चप्पल? आई... गाडी पाण्यातलीच होती ना?”

तोंडापाशी आलं होतं खरं. देवाशपथ आलं होतं.

“हो,” मी म्हणाले.

तेव्हा डाव्या बाजूला, माझ्या कोपराला लागून बसलेल्या कुणीतरी हळूच अंग चोरून घेतलं.