न बांधलेल्या इमारतीची सावली

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे, आणि आत्याला थापा मारता येत नाहीत. पत्ते खेळताना लबाडी केली तरी तिचे कान लाल होतात.

आणि हे रात्री-बेरात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं. तिच्याच अंगणात.

आत्या गाद्या भरते. जुनी गादी उसवायची, कापूस उन्हात पसरायचा, काठीने झोडपायचा, पुन्हा भरायचा. "अर्ध्या गल्लीची झोप माझ्या हातची," असं ती ऐटीत सांगते. ऊन सरकलं की कापूस सरकवते. उजवा खांदा एकदा निखळला होता. तेव्हापासून चार-दोन फटके मारले की काठी डाव्या हातात घेते.

समोरच्या मैदानात उंच इमारत होणार असं कळलं आणि गल्ली पेटून उठली. पाणी पुरणार नाही, गाड्या कुठे लावणार, भिंतींना तडे जातील...

आत्याचं म्हणणं एकच. "माझं ऊन जाईल. मग काय चांदण्यात गाद्या वाळवू?"

बांधकामाचा इंजिनीअर मोठा गोडबोल्या. त्याने रस्त्यावर पांढऱ्या फक्कीची रेघ मारून दिली. "सावली इथवरच येईल, काकू. तुमचं अंगण सुरक्षित."

तेव्हा मैदानात एक वीटही नव्हती. नुसतं गवत.

त्याच दुपारी आत्या कापूस पसरून पाणी प्यायला आत गेली. बाहेर आली तर...

अर्ध्या अंगणात सावली.

तिला वाटलं, ढग असेल. वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

सावलीला सरळ कडा होत्या. एका कडेला गॅलऱ्या, एकावर एक, उघड्या राहिलेल्या खणांसारख्या.

तिने कापसाला हात लावला. गार पडला होता.

चिमण्या गप्प झाल्या होत्या. रस्त्यावरून एकही गाडी जात नव्हती.

मग वरून आवाज आला...

धप्.

धप्.

हा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

सगळ्यात वरच्या गॅलरीच्या सावलीत एक बाई गादी झोडपत होती. चार-दोन फटके... आणि तिने काठी दुसऱ्या हातात घेतली.

आत्याचा हात आपल्या उजव्या खांद्याकडे गेला.

बाई थांबली. कठड्यावरून वाकली. खाली काहीतरी शोधत असावी तशी. आणखी वाकली...

गॅलरी रिकामी झाली.

कसलाही आवाज आला नाही. आत्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा अंगणभर ऊन होतं, चिमण्या ओरडत होत्या.

कापसात मात्र खड्डा पडला होता. माणूस पडावा एवढा लांब.

बाईबद्दल ती कोणाशीच बोलली नाही. पण सावलीबद्दल बोलली, आणि तेही गल्लीच्या तक्रारीच्या सुनावणीत, मोठ्या साहेबांसमोर. "सावली रेघ ओलांडून अंगणात येते. मी पाहिली."

"इमारत कुठे आहे, काकू?" इंजिनीअरने विचारलं.

हशा पिकला. साहेबही हसले. त्यानंतर पाण्याचं, तड्यांचं कोणी मनावर घेईना. तक्रार फेटाळली. गल्लीने सगळं खापर आत्याच्या माथी फोडलं. "हिच्यापायी आपलं हसं झालं," असं वाण्याने तोंडावर सुनावलं. माझी आत्या रडणाऱ्यातली नाही. त्या दिवशी रडली.

इमारत झाली. सावली रोज अंगणभर पडू लागली.

पुढे बिल्डरला गाड्या लावायला जागा कमी पडली. त्याने आत्याचं घर मागितलं, बदल्यात फ्लॅट देऊ केला. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, सही केली आणि कौतुकाने किल्ली तिच्या हातात ठेवली.

"सगळ्यात वरचा मजला! भांडून घेतला. गॅलरीत ऊनच ऊन आहे. आता बस तुझा कापूस पसरून."

त्यांचा चेहरा इतका खुलला होता की आत्याला नाही म्हणवेना. आणि बाईचं सांगितलं असतं तर तेही हसले असते.

मी सामान लावायला गेले, तेव्हा तिने मला हे सगळं सांगितलं. गॅलरीला जाळी बसवू म्हटलं, तर इमारतीच्या नियमात बसत नाही.

"काम नको घेऊस ना मग," मी म्हणाले.

"अगं, कामाशिवाय मी काय करू इथे? भिंती मोजू?" मग तिने माझं मनगट घट्ट धरलं. "मी कठड्याशी गेले तर हाक मार. जोरात मार."

काल पहिली गादी आली. दुपारी मी आत चहा ठेवत होते. गॅलरीतून आवाज येत होता. धप्. धप्.

मग थांबला.

मी धावत गेले. आत्या कठड्यावरून वाकली होती. पाय जमिनीवरून जेमतेम सुटलेले.

घसा फाटेस्तोवर ओरडले. ती मागे सरकली, वळली. तिला स्वतःलाच कळत नव्हतं आपण तिथे कशा गेलो.

उद्या सकाळी मला माझ्या घरी परतायचंय. काका दिवसभर दुकानात असतात. दुपारी त्या घरात ती एकटीच असते.