समुद्राकडची स्वस्त खोली

त्या लॉजमध्ये समुद्र दिसणाऱ्या खोलीचे भाडे समुद्र न दिसणाऱ्या खोलीच्या निम्मे होते.

दरपत्रक काउंटरच्या मागे टांगलेले होते. अक्षर सुवाच्य होते आणि आकड्यांत खाडाखोड नव्हती. मी ते दोनदा वाचले. दुकानांतले वजनकाटे तपासणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे प्रत्येक आकडा दोनदा वाचण्याची सवय अंगवळणी पडली आहे.

तिथे आम्ही ठरवून गेलो नव्हतो. सहा तास गाडी चालवून झाल्यावर, पावसाच्या ऐन माऱ्यात, माझ्या बाजूचा वायपर निखळून रस्त्यावर पडला आणि समोर जी पहिली पाटी दिसली तिच्याखाली मी गाडी थांबवली. मागच्या सीटवर आठ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांचा धाकटा, त्यांच्यामध्ये उकडलेल्या बटाट्यांचा डबा, टॉवेलऐवजी आणलेल्या जुन्या चादरी आणि प्लास्टिकची दोन फावडी. समुद्र दाखवण्याचे वचन मुलांना त्यांच्या वडिलांनी दिले होते. ते दोन वर्षांपूर्वी वेगळे राहू लागले आणि वचन पाळण्याचे काम माझ्याकडे आले. मला परवडणारा समुद्र पावसाळ्यातला, अवेळीचाच होता.

काचेवर कोणीतरी टकटक केली. बाहेर एक माणूस उभा होता — बगलेत लाल झेंड्यांची मोळी, एका हातात छत्री, आणि दुसऱ्या हातात आमचा वायपर.

"हा तुमचाच असणार," तो म्हणाला. "मागे वळणावर पडला होता. या दिवसांत दुसरी गाडी येते कुठे!"

लॉज त्याचेच होते. आत गेल्यावर मी दरपत्रकाकडे बोट दाखवले. "ही खोली स्वस्त का?"

"समुद्र दिसतो ना तिथून..."

"म्हणून तर महाग हवी."

"समुद्राचा सध्याचा चेहरा बघितलात तर असं म्हणणार नाही." एवढे बोलून त्याने किल्ली पुढे केली. डोळे मात्र त्याने दरपत्रकाकडे वळवले नाहीत. हे मी लक्षात ठेवले.

सकाळी समुद्र पाहिला. त्याचा रंग ओल्या पाटीसारखा होता आणि क्षितिज कुठेच नव्हते. किनाऱ्यावर आठ लाल झेंडे रोवलेले होते, म्हणजे पाण्यात उतरायचे नाही. ते रोज पहाटे लावणे आणि वाऱ्याने फाटू नयेत म्हणून दिवस मावळताना काढून आणणे हे काम त्या माणसाकडे होते. जाऊन-येऊन चार किलोमीटर. मुलांनी त्याला लगेच झेंडेकाका करून टाकले.

भाड्याचे कोडे माझ्या मनातून जाईना. दुपारभर पाऊस होता आणि मुले कंटाळली होती, म्हणून मी तपासणीच्या वहीत तो प्रश्न लिहिला आणि आम्ही तिघांनी तपासणी सुरू केली. छत गळत नव्हते. भिंतींना ओल होती, पण महागड्या खोलीतही तितकीच होती. गाद्या एकाच जातीच्या, डास एकाच वृत्तीचे.

"भूत असेल," धाकटा म्हणाला.

"भूत असतं तर जास्त पैसे घेतले असते," थोरली म्हणाली. त्या मुलीचे तर्कशास्त्र तिच्या वयाला शोभत नाही. वडील वेगळे झाल्यापासून तिचे हसणेही बंद झाले होते.

संध्याकाळ होताच तिने उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला. वेगळे झाल्यावर तिचे वडील दर शनिवारी पाच वाजता येणार होते. सतरा शनिवार ती खिडकीत बसली. अठराव्या शनिवारी तिने स्वतःच्या हाताने पडदा लावला. तेव्हापासून आमच्या घरात संध्याकाळी पडदा उघडा राहिलेला नाही.

तासाभराने दारावर थाप पडली. झेंडेकाका नखशिखान्त भिजला होता आणि दम लागल्यासारखा श्वास घेत होता.

"एक विनंती होती... विचित्र वाटेल," तो अडखळला. "संध्याकाळी तेवढा पडदा उघडा ठेवाल का? तासभर. आणि दिवा लावलेला."

"हवा खेळती राहावी म्हणून?"

"हं... हवा."

"खिडकी बंद असताना?"

तो कानशिलांपर्यंत लाल झाला. चाळिशीचा, खांद्यांनी रुंद, आणि खोटे बोलण्यात अत्यंत अकुशल पुरुष. मला हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले, म्हणून त्याची नोंद करते.

तिसऱ्या दिवशी त्याने वायपर बसवून दिला. मी शेजारी छत्री धरून उभी होते. गरज नव्हती; तो आधीच भिजलेला होता.

"तुम्ही काय करता?" त्याने बॉनेटवर वाकून विचारले.

"वजनकाटे तपासते."

"अरे बापरे! म्हणजे मापात पाप पकडणाऱ्या." त्याने मान वर केली. पापण्यांवर थेंब होते. "आमच्या स्वयंपाकघरातला काटा बघू नका हं, तपासनीसबाई."

"का? कमी तोलतो?"

"जास्त. मुलांना वाढताना हात आवरत नाही."

"मग दंड तुम्हालाच बसेल."

"सांगा, काय द्यायचं?"

"भाड्याचं कारण."

त्याने पाना खाली ठेवला आणि बराच वेळ हात पुसत राहिला. "सांगेन," तो म्हणाला. "पण तुम्ही हसाल."

छत्री आपोआप थोडी त्याच्याकडे कलली होती आणि माझा डावा खांदा भिजत होता. या गोष्टीचे भौतिकशास्त्र सोपे आहे. कारण तितके सोपे नव्हते. परवा सकाळी आम्ही निघणार होतो. मुलांना पुन्हा कोणाची वाट पाहायला लावायची नाही, एवढे एकच व्रत मी दोन वर्षे सांभाळले होते. नियम म्हणून ते उत्तम होते.

त्या संध्याकाळी पडदा मीच उघडा ठेवला. थोरली खिडकीकडे पाठ करून बसली. मग अर्धी वळली. मग खुर्ची ओढून खिडकीशी गेली.

"एक काढला," ती काचेला नाक लावून म्हणाली. "दोन..."

लाल ठिपके एकेक करून विझत गेले. आठवा विझला, आणि दूरवरचा काळा ठिपका मोठा होत होत अंगणात आला. त्याने वर पाहून हात हलवला. थोरलीने हात हलवला नाही. पण रात्री अंथरुणात पडल्यावर तिने विचारले, "आई, ते रोज येतात?"

"राहतात इथे. येणारच."

"राहणारे सगळे येतात असं नसतं," ती म्हणाली.



चौथ्या दिवशी, आमच्या शेवटच्या संध्याकाळी, समुद्रावरून धुके आले. ते इतके दाट होते की सहाव्या झेंड्यापुढचे काही दिसेना. थोरली खिडकीतच होती. "चार... पाच..." आणि त्याच क्षणी वीज गेली. खोली, अंगण, रस्त्यावरचे दिवे, सगळे एकदम नाहीसे झाले.

दहा मिनिटे गेली. वीस गेली. नेहमीची वेळ टळून गेली.

"आई." थोरलीचा आवाज अगदी सपाट होता. तो सपाटपणा माझ्या ओळखीचा होता, सतराव्या शनिवारचा. "नाही येणार ना ते?" तिचा हात पडद्याकडे गेला.

"चपला घाला," मी म्हणाले. "दोघांनी. गाडीत बसा."

मी गाडी अंगणाच्या टोकाशी, किनाऱ्याच्या बांधाला टेकवून समुद्राकडे तोंड करून उभी केली आणि हेडलाइट पूर्ण लावले. धुक्यात दोन पांढरे बोगदे उमटले. त्यांत फक्त पाऊस होता.

"कमी-जास्त कर, आई," मागून थोरली म्हणाली. "म्हणजे त्यांना कळेल की माणूस आहे."

मी दिवे कमी-जास्त करत राहिले. वायपर चालू होता. 

"भूत!" धाकटा किंचाळला.

उजेडात तो उभा होता. मोळी बगलेत, छत्री उलटी झालेली. एक गोष्ट मात्र चुकीची होती: झेंडे डावीकडे होते आणि तो उजवीकडून आला होता. म्हणजे तो लॉजवरून पुढे निघून गेला होता.

त्याने पुढचे दार उघडले. त्याने तोंड उघडण्याआधीच थोरली कडाडली.

"किती उशीर केलात! मी कधीची मोजतेय! आठ व्हायला किती वेळ लागतो?"

आणि ती रडायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदाच, आणि मोठ्याने.

तो दार धरून तसाच उभा राहिला. पाऊस आत येत होता. मग त्याने मोळी सोडवली आणि मागे वाकून झेंडे तिच्या हातात दिले. "चुकलो बाई," तो म्हणाला. "मोजून घे. आठ आहेत."

ती हुंदके देत मोजू लागली. धाकटा तिला मदत करत होता, म्हणजे चुकवत होता. झेंडेकाका माझ्या शेजारी बसला. काचा आतून धुरकटल्या.

"झेंडे सापडले," तो हळूच म्हणाला, "घरच सापडेना. पार पुलापर्यंत गेलो होतो. मागे वळून पाहिलं तर उजेड उघडमीट करत होता."

"आता भाड्याचं सांगा."

"आई बसायची त्या खिडकीत. आधी बाबांसाठी, मग माझ्यासाठी. दिवा लावून. ती गेली त्या आठवड्यात असाच चालत पुढे गेलो होतो... स्वतःच्या घरावरून. धुकंसुद्धा नव्हतं तेव्हा."

"दिव्याला टायमर लावायचा," मी म्हणाले. "साधा उपाय आहे."

"लावला होता, तपासनीसबाई. महिनाभर. ठरल्या मिनिटाला लागायचा."

"मग?"

"मी उशिरा आलो काय, आलोच नाही काय... त्याला सारखंच." त्याने मागे पाहिले. "त्याने कधी विचारलं नाही, किती उशीर म्हणून."

मी हसले नाही. माझ्या कामाच्या पेटीत एक ग्रॅमपासून वीस किलोपर्यंतची वजने आहेत. यासाठी त्यांतले एकही चालले नसते. गिअरवर माझा हात होता. त्याचा ओला, गार हात त्यावर आला आणि... मी तो काढून घेतला नाही. मागे मोजणी चालूच होती.

"सात!" धाकटा म्हणाला.

"आठ," थोरली म्हणाली. "नीट बघ."

सकाळी पाऊस थांबला नव्हता. डबा, चादरी, फावडी गाडीत गेली. तो हिशेबाची वही उघडून काउंटरमागे उभा होता आणि वहीत बघत नव्हता.

"तुमचं गाव सहा तासांवर," तो म्हणाला. "नाही का?"

"वायपर टिकला तर साडेपाच." मी दरपत्रकाकडे पाहिले. "त्या खोलीचं भाडं वाढवा."

त्याचा चेहरा उतरला. "मग ती घेणार कोण?"

"लागलेली आहे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आणि रविवारी. एक मोठं माणूस, दोन लहान. पुढचं पुढे बघू." माझा आवाज अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "मधल्या संध्याकाळी आम्ही फोन करू. आठ झेंडे आले का, हे थोरलीला कळलं पाहिजे. उशीर झाला तर ती बोलेल."

"आणि तुम्ही?"

"मी... मीही बोलेन."

तो वहीत काहीतरी लिहू लागला. पेन उलटे धरले होते.

पुढचा सोमवार. आमच्या घरी संध्याकाळी थोरलीने पडदा बाजूला केला, दिवा लावला आणि फोन घेऊन खिडकीत बसली. समोर समुद्र नव्हता. शेजारच्या इमारतीची भिंत होती. पावणेसातला तिने मला ओरडून सांगितले, "आले! आठ!"

मी तपासणीची वही उघडली. लॉजवरच्या त्या पावसाळी दुपारी तिथे भाड्याचा प्रश्न लिहून ठेवला होता. त्याच्याखाली नोंद केली:

समुद्राकडची खोली स्वस्त असण्याचे कारण गळती, ओल, डास किंवा भूत नव्हते. एका माणसाला संध्याकाळी घरी परतताना कोणीतरी आपली वाट पाहत आहे हे दिसायला हवे होते, आणि निम्म्या भाड्याशिवाय अवेळी तिथे कोणी येत नव्हते.