रेंजचा लिंब

धावडा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी ज्या शेतवस्त्या आहेत, तिथं घरात फोनला रेंज येत न्हाई. येते ती एखाद्या टेकाडावर, एखाद्या झाडाखाली. लोक डोकेबाज. फोन कापडी पिशवीत घालून झाडालाच टांगून ठेवतात. बोलायचं झालं की टेकाडावर जायचं, बोलायचं, फोन परत पिशवीत. चोरायला कोण येतंय तिथं?

बारा वर्षं ॲम्ब्युलन्स चालवून राह्यलो मी, त्यामुळं मला हे पाठ. नवे ड्रायव्हर लोकेशन बघून झाडापाशी जातात अन् तिथं उभे राहून शिव्या घालतात. मी आधी फोनवरच विचारून घेतो, झाडापासून घर कोणत्या अंगाला. त्या दिवशी नेमकं तेच विचारायचं राहून गेलं.

नोव्हेंबर, दुपारचे अडीच. कंट्रोलरूममधल्या राजानंदनं केस दिली. भागवत म्हणून एकाची बायको, अक्षता. पहिलटकरीण, पाणी गेलेलं, वर रक्त जाऊन राह्यलेलं. मी भागवतला फोन लावला. तो रडकुंडीला आल्ता.

"लाईव्ह लोकेशन पाठवलंय भाऊ. फोन लिंबाला टांगून पळतो आता, ती एकटी हाये घरात."

अन् ठेवला की फोन! परत लावला, उचलला न्हाई. उचलणार कोण, लिंब?

शेजारी साधना सिस्टर बसल्या होत्या. "अंगदभाऊ, किती वेळ लागंल?"

"पाऊण तास."

"अर्ध्या तासात न्या. रक्त काही वेळ देत न्हाई."

धावडा सोडलं, डांबर संपलं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बाया सायरन ऐकून पाठ सरळ करायच्या, बघायच्या, परत वाकायच्या. फोन समोर लावलेला होता अन् नकाशातली बाई सांगून राह्यल्ती, पुढे उजवीकडे वळा. मला एकच गोष्ट खटकली. या पट्ट्यात माझ्या फोनला एक काडी मिळाली तरी नशीब समजायचं. त्या दिवशी सगळ्या काड्या भरलेल्या.

"नवा टॉवर झाला का काय?" सिस्टर म्हणाल्या.

मी चहूकडं बघितलं. टॉवर कुठं दिसला न्हाई.

टेकाडाखाली गाडी लावून मी पळत वर गेलो. लिंब होता, पिशवी होती, पिशवीत फोन होता. काचेला तडा गेलेला, अन् बंद. बटण दाबून धरलं, पण काही न्हाई, पार मेलेला. उन्हात टांगलेला असून हाताला थंडगार लागला.

मंग मी माझ्या फोनवर बघितलं. भागवतचा ठिपका हलून राह्यल्ता. टेकाडावरून पूर्वेकडं, नाल्याच्या बाजूनं उतरून राह्यल्ता, माणूस चालतो तेवढ्याच चालीनं.

नेटवर्कचा घोळ असंल, म्हणलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर भागवतचा. त्या नंबरचा फोन तर माझ्या डाव्या हातात होता.

उचलला.

"अंगदभाऊ, खाली या. नाल्याकडनं."

आवाज भागवतचाच. पण मघाशी रडणारा माणूस आता एकदम निवांत बोलून राह्यल्ता. धाप न्हाई, वाऱ्याचा आवाज न्हाई. अन् मी त्याला माझं नाव सांगितलंच नव्हतं.

"भागवत, तू कोणत्या फोनवरनं बोलून राह्यला?"

"खाली या. रस्ता बिलकुल चांगला हाये. जल्दी या."

सिस्टर मागून वर आल्या होत्या. मी दोन्ही फोन त्यांच्यापुढं धरले. त्यांचा चेहरा उतरला. पूर्वेकडं नुसती झुडपं, घराचा पत्ता न्हाई. पश्चिमेकडं बैलगाडीची चाकोरी गेलेली, तिच्यात ताजं शेण.

भ्यालो मी, खोटं कशाला बोलू? पण त्याच्याहून जास्त राग आला. एक बाई तिकडं मरायला टेकली अन् मला कोण नाचवून राह्यलंय?

"फोनच्या नानाची टांग!" म्हणलो. "बैल काही नकाशा बघून घरी जात न्हाईत. चला, चाकोरी धरायची."

गाडी पश्चिमेला वळवली. नकाशातली बाई म्हणाली, यू-टर्न घ्या. मी घेतला न्हाई. परत म्हणाली, यू-टर्न घ्या. मी गिअर टाकला.

पाचव्यांदा ती म्हणाली, "अंगदभाऊ, यू-टर्न घ्या."

सिस्टरनी फोन उपसून सीटखाली फेकला.

सहा मिनिटांत घर आलं. भागवत अंगणात उभा, हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले.

"आत्ता फोन केल्ता का मला?"

"कशावरनं करू? लिंबालाच हाये की फोन."

अक्षता पांढरीफटक पडली होती, पण शुद्धीत होती. स्ट्रेचरवर घेताना तिनं सिस्टरचा हात धरला. "माझं लेकरू वाचंल ना?"

"वाचणार. मी सांगते ना तुला."

मी मनात म्हणलं, आज काहीही होवो, ही दोघं दवाखान्यात पोचणार. येताना टेकाडाच्या बाजूनंच आलो. मी तिकडं बघितलंसुद्धा न्हाई. सीटखाली फोन वाजला, वाजत राह्यला, बंद झाला. गाडी जन्मात पळवली नसंल अशी पळवली.

साडेचारला तालुक्याच्या दवाखान्यात. अक्षताला आत नेलं. फोन सीटखालून काढून खिशात टाकला अन् मी भागवतशेजारी बाकड्यावर बसलो. दोघं जिवंत आहेत हे कानांनी ऐकल्याबिगर उठायचं न्हाई, असं ठरवूनच बसलो.

पाऊण तासानं साधना सिस्टर बाहेर आल्या. घामानं भिजलेल्या, पण हसून राह्यल्या होत्या. "मुलगी झाली. आईचं रक्त थांबलं."

भागवत त्यांच्या पाया पडायला वाकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाज कसली त्यात.

"रडली का?" मी विचारलं. तो आवाज ऐकला की मंगच मी चहाला जातो.

"न्हाई अजून. श्वास चांगला, रंग गुलाबी. तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. डोळे उघडून नुसती बघून राह्यली. डॉक्टर म्हणतात, रडंल."

त्या परत आत गेल्या. खिशात फोन वाजला. राजानंद.

"कुठवर आलास रे?"

"कव्हाच पोचलो. डिलिव्हरी बी झाली."

"मस्करी नको राव, ड्युटीचा टाइम हाये. स्क्रीनवर तुझी गाडी नाल्यात उभी हाये, दोन तास होत आले. अन् तूच तर मघापासनं बोलून राह्यला माझ्याशी. रस्ता सापडंना म्हणून."

"कोण? मी?"

"तूच की. तुझं नीट ऐकू येत न्हाई, मागं लेकरू लई रडून राह्यलंय. ती लाईन चालूच हाये अजून. जोडून देऊ का?"

भागवत माझ्याकडं बघून हसून राह्यल्ता. दाराच्या पलीकडून अजून काहीच आवाज नव्हता.

"जोड," मी म्हणलो.