डिनोचा लॅपटॉप अजून चालू आहे

खोटं वाटेल, पण हे माझ्याच घरात घडलंय. कोलशेतला, यंदाच्या गुड फ्रायडेच्या दुपारी. बाळ झोपलंय तोवर लिहून घेते.

माझा नवरा डिनो गेला तेव्हा व्हॅलेरी पोटात होती. तो पोटाशी तोंड आणून तिच्यासाठी एक सूर गुणगुणायचा. मध्येच थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा तोच सूर. त्याचं रेकॉर्डिंग त्याच्या लिनक्सवाल्या लॅपटॉपमध्ये होतं.

फक्त तिथेच.

लॅपटॉप बिघडला. माझा दीर ज्यूड आतली डिस्क काढून आंबिवलीला त्याच्या दुकानात घेऊन गेला.

त्या दुपारी मी उगाच बटण दाबलं. डिनोचा पेनड्राइव्ह लावलेलाच होता.

स्क्रीनवर इंग्रजीत एकच ओळ आली... मूळ डिस्कची वाट पाहत आहे.

मी घाबरून ज्यूडला फोन लावला. तो हसला.

"भूत नाही गं ते, वहिनी! पेनड्राइव्हवरून आधी एक छोटी सिस्टिम मेमरीत उतरते. टेम्पररी. खरी डिस्क शोधायची, सगळं तिच्या हवाली करायचं आणि स्वतः पुसून जायचं, एवढंच तिचं काम."

"आणि डिस्क नाहीच सापडली तर?"

"बसेल वाट बघत. बंद कर ना. बंद केलं की मेमरीतलं काही उरत नाही."

मग त्याचा आवाज उतरला. "वहिनी... डिस्क गेली. काहीच नाही निघालं."

मी रडले नाही. बाळ उठलं असतं.

गुड फ्रायडेला आमच्याकडे चर्चची घंटासुद्धा वाजत नाही. घरात कुणी गाणं लावत नाही.

आणि...

लॅपटॉपमधून तो सूर आला.

मध्येच थांबला. श्वास. पुन्हा तोच.

बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला. बंद केलं की काही उरत नाही...

"डिनो?"

सूर थांबला. स्क्रीनवरची ओळ गेली होती.

आता तो कशाचीच वाट पाहत नव्हता.

मागे पाळणा करकरला...

व्हॅलेरीचे डोळे मिटलेले होते. तिला अजून मम्मासुद्धा म्हणता येत नाही.

ती गुणगुणत होती. मध्येच थांबली. श्वास घेतला...

ज्यूड म्हणतो, चार्जर काढ. मी काढलेला नाही.

त्या दिवसापासून 'व्हॅलेरी' म्हटलं की ती वळून बघत नाही.

दुसरं नाव घेऊन बघायची माझी हिंमत होत नाही.