गट क्रमांक ८८२ चा वारा

आता जमिनीसारखाच वाऱ्याचाही उतारा निघे. तलाठ्याकडे गेलं, की तुमच्या खिडकीतून वर्षभरात किती वारा जातो, कुठल्या दिशेनं जातो, ते छापून मिळे. हवेचं गणित अचूक सुटल्यापासूनची ही कटकट, असं बिल्डर म्हणत. तासगावच्या बेदाणेवाल्यांच्या मात्र ते गणित पथ्यावर पडलं होतं, कारण वारा अडला की त्यांची शेडवरची द्राक्षं सडत.

त्यांच्याच हरकतींमुळे एका बेचाळीस मजली टॉवरची फाइल अडली होती. ॲडव्होकेट रोहिणी आरवाडे वायुगणिती डॉ. कुंभोज्यांसमोर बसल्या होत्या. बांधकामाच्या परवानग्या काढण्यात सांगली जिल्ह्यात रोहिणीबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सर, तो निवात नाहीसाच करा ना."

इमारतीच्या आडोशाला वारा मरतो, त्या पट्ट्याला निवात म्हणत.

"वकीलबाई, एवढा अडथळा उभा केल्यावर कुणाचा तरी वारा पडणारच. भिंतींना झडपा लावून मी निवात डावीकडे-उजवीकडे सरकवतो. नाहीसा करायला मी काय जादूगार आहे?"

"मग जिथं कुणी बोंबलणार नाही तिथं सरकवा."

कुंभोज्यांनी संगणकाच्या पडद्यावर पट्टा फिरवत फिरवत एका जागी थांबवला. "गट क्रमांक ८८२. एकच घर येतंय. नाव बघता?" ते पडदा वळवू लागले.

रोहिणीबाईंनी हातानंच थांबवलं. "नको. नाव कळलं की माणूस दिसतो, आणि काम बिघडतं."

हा त्यांचा वकिलीतला जुना नेम होता. गटांचे आकडेही फेरमोजणीत नुकतेच बदललेले. नोटीस त्यांच्या सहीनं निघाली आणि तलाठ्यानं परस्पर पोचवली. हरकतीला तीस दिवस होते. चौथ्याच दिवशी संमती तलाठ्याकडेच जमा झाली. अशी संमती मागे घेता येत नसे. ती इमारतीच्या आयुष्याएवढी, म्हणजे नव्वद वर्षांची असे.

टॉवर पुरा झाला, त्या चैत्रात बऱ्याच दिवसांनी रोहिणीबाई माळावर वडिलांकडे गेल्या. आप्पांना दमा होता. मोकळ्या वाऱ्यासाठीच त्यांनी तिथं घर घेतलं होतं. ते दारात खुर्ची टाकून बसले होते, एकेक श्वास ओढून घेत.

"आप्पा, किती खराब झालीय तब्येत! कळवलं का नाही?"

"कळवायचं काय त्यात? यंदा हवाच पडलीय बघ." ते दम खायला थांबले. "तुझा कागद आला होता की मागं. खाली तुझं नाव बघितलं आणि ठोकली सही. वाचतोय कोण! आपल्याच पोरीच्या कामात आपणच खोडा घालायचा होय?"

रोहिणीबाईंनी मान वर करून पाहिलं. दारावर फेरमोजणीची नवी पाटी होती. गट क्रमांक ८८२. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"अगं, रडतीस कशाला?" आप्पा म्हणाले. "सुटंल की वारा संध्याकाळपर्यंत."

आणि त्यांनी खुर्ची थोडी पश्चिमेकडे सरकवून घेतली.